दोघं भाऊ, एक एस्टीम आणि तीस हजारांचा डेटा लॉगर

वाचकाचं पत्र

सर, आम्ही इचलकरंजीचे दोघे भाऊ. यंत्रमागाचे सुटे भाग करायचं आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन वर्षं खपून २००३ सालची एक मारुती एस्टीम ट्रॅकसाठी तयार केली. रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा सांगाडा), बकेट सीट, सस्पेन्शन सगळं घरीच केलं. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर दोन ट्रॅक डे (आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचे दिवस) करून आलो. दोघांचेही लॅप १ मिनिट २४ सेकंदांच्या आसपास अडकलेत. मी म्हणतो गाडी वळणात धरत नाही, भाऊ म्हणतो गाडी ठीक आहे, आपणच कमी पडतोय. यावरून घरी येईपर्यंत वाद चालला. आता डेटा लॉगर, म्हणजे गाडीचा वेग वगैरे नोंदवणारं यंत्र, घ्यायचं ठरवलंय, बजेट तीस हजार. एक मित्र म्हणतो, मोबाइलवर ॲप टाका, फुकटात काम होतं. ट्रॅकवर भेटलेले एक जण म्हणाले, घ्यायचा तर एआयएम कंपनीचा घ्या, नाहीतर घेऊच नका. आणि इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या म्हणतो, काका, चार हजारांत मी बनवून देतो. कुणाचं ऐकावं?

उत्तर

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली : ‘मी म्हणतो गाडी वळणात धरत नाही, भाऊ म्हणतो आपणच कमी पडतोय.’ लॉगरची चौकशी करणारे बरेच जण मला किती चॅनेल आहेत, किती सेन्सर लागतात, स्क्रीन केवढी आहे असं विचारतात. त्यांना गाडीला काय विचारायचंय, हे त्यांनी ठरवलेलंच नसतं. तुम्ही ते कोइमतूरहून परतताना नऊशे-हजार किलोमीटर भांडत भांडत ठरवून टाकलंत. आता ज्या यंत्रातून तुमच्या वादाचा निकाल लागेल ते घ्यायचं, आणि त्या निकालासाठी जे लागत नाही त्यावर आज एक रुपयाही घालायचा नाही. खालचं सगळं मी याच हिशेबानं सांगतोय.

तुमच्या वादाला लागतो तो फक्त वेगाचा आलेख. ट्रॅकवरच्या प्रत्येक ठिकाणी गाडीचा वेग किती होता, तुम्ही चालवताना किती आणि भाऊ चालवताना किती. एकच गाडी, तेच टायर, तोच दिवस आणि दोन वेगळे ड्रायव्हर. चांगल्या टीम अशी तुलना करायला मुद्दाम दुसरा ड्रायव्हर बोलावतात. तुमच्याकडे तो घरचाच आहे.

आता मित्राच्या सल्ल्याकडे येऊ. तो अर्धा बरोबर आहे आणि कुठला अर्धा, ते तुमच्याच आकड्यांवरून दाखवतो. कारीचा ट्रॅक सुमारे २.१ किलोमीटरचा. तुमचा लॅप ८४ सेकंदांचा. म्हणजे सरासरी वेग झाला ताशी ९० किलोमीटर, सेकंदाला बरोबर २५ मीटर. बहुतेक मोबाइलमधला जीपीएस ॲपला सेकंदातून एकदाच जागा सांगतो. म्हणजे दर २५ मीटरला एक ठिपका. एखादं घट्ट वळण तुम्ही चार सेकंदांत पार करत असाल, तर त्या अख्ख्या वळणाचे तुमच्या हाती चार ठिपके. ब्रेक कुठे लागला, सगळ्यात कमी वेग कुठे झाला, पाय परत ॲक्सिलरेटरवर कधी गेला, हे सगळं त्या चार ठिपक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत घडतं आणि ॲप तिथे सरळ रेघ ओढून मोकळं होतं. सेकंदाला १० वेळा वाचणारा रिसीव्हर असेल तर दर अडीच मीटरला ठिपका येतो. २५ वेळा वाचणारा असेल तर दर मीटरला.

पण मित्र सांगतोय ते ॲप मात्र खरंच चांगलं असतं. रेसक्रोनो, हॅरीज लॅपटायमर, ट्रॅकॲडिक्ट ही तिन्ही ॲप मोबाइलचा जीपीएस बाजूला ठेवून ब्लूटूथनं जोडलेल्या बाहेरच्या रिसीव्हरकडून माहिती घेऊ शकतात. दोन लॅप एकावर एक ठेवून बघणं, कुठे किती वेळ गेला याची रेघ काढणं, व्हिडिओवर वेग उमटवणं, हे सगळं त्यात होतं. तेव्हा मित्राचं ॲप घ्या आणि मोबाइलचा जीपीएस सोडा.

माझा सल्ला असा : सेकंदाला २५ वाचनं देणारा, ब्लूटूथचा, स्वतःची बॅटरी असलेला रिसीव्हर घ्या आणि तो रेसक्रोनोला जोडा. या प्रकारात रेसबॉक्स मिनी हे नाव तुम्हाला सगळीकडे दिसेल आणि ते योग्यच आहे. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, आत २५ हर्ट्झचा जीपीएस आणि गाडीवर पडणारा जोर मोजणारे सेन्सर. तिचंच मिनी एस नावाचं भावंड स्वतःच्या मेमरीत नोंद करतं. सत्राच्या मध्येच मोबाइल बंद पडला तरी डेटा राहतो. दोघांत किमतीचा फार फरक नसेल तर तुम्ही एस घ्या. कारण पुढे सांगतो.

किमतीबद्दल सावध राहा. परदेशी वेबसाइटवर दिसणाऱ्या आकड्यावर कुरिअर, कस्टम ड्यूटी आणि जीएसटी चढतो, तेव्हा गणित बरंच बदलतं. भारतात विकणारा कुणी सापडला तर थोडे जास्त पैसे देऊन त्याच्याकडून घ्या. बिल मिळतं आणि बिघडलं तर पार्सल परदेशी पाठवायची वेळ येत नाही. सगळं धरून तुमच्या तीस हजारांतला मोठा भाग यातच जाईल. जुनं मिळालं तरी चालेल. या डबीत झिजणारं काही नाही, फक्त बॅटरी किती टिकते ते बघून घ्या. घरात आयफोन असेल तर एक लक्षात ठेवा, जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथचे बरेच स्वस्त रिसीव्हर आयफोनला जोडले जात नाहीत. ‘ब्लूटूथ लो एनर्जी’ लिहिलेलं असेल तरच पैसे द्या.

रिसीव्हर कुठलाही घ्या, पहिल्या दिवशी एक तपासणी करा. एखाद्या बंद मैदानावर सरळ रेषेत, हळूहळू वेग वाढवत गाडी चालवा, ॲपमधून नोंद सीएसव्ही फाइलमध्ये (आकड्यांच्या साध्या तक्त्यात) काढा आणि कॉम्प्युटरवर उघडून बघा. एका सेकंदात खरोखर २५ वेगवेगळे वेग दिसतात का? काही स्वस्त डब्या प्रत्येक वाचन दोन-तीनदा छापून आकडा फुगवतात. तसं असेल तर लागोपाठच्या ओळींत तोच वेग आणि तेच अक्षांश-रेखांश दिसतील. ही तपासणी दहा मिनिटांची आहे. परत करायची मुदत संपायच्या आत करा.

जीपीएसबद्दल आणखी एक गोष्ट, जी विकणारा सांगत नाही. जागेच्या बाबतीत हा जीपीएस दोन-तीन मीटरनं चुकू शकतो. सकाळच्या सत्रातली तुमची रेघ आणि दुपारच्या सत्रातली भावाची रेघ नकाशावर एकमेकींपासून दोन मीटर लांब दिसली, तर ‘तू वळण आतून घेतलंस’ म्हणून नवा वाद काढू नका. तो फरक आकाशातल्या उपग्रहांच्या जागा बदलल्यामुळेही दिसतो. वेगाचं मात्र वेगळं आहे. रिसीव्हर वेग काढतो तो उपग्रहाच्या लहरींच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून, आणि तो फार नेमका येतो. म्हणून नकाशावरची रेघ बघून ठरवू नका. वेगाचा आलेख बघा.

एआयएम घ्या म्हणणाऱ्यांचं काय? ते चुकीचं बोलत नाहीत. एआयएमचं सोलो २ हे डॅशबोर्डवर बसणारं, स्वतःची स्क्रीन असलेलं भक्कम यंत्र आहे. गाडी चालू असतानाच ‘मागच्या चांगल्या लॅपपेक्षा दोन दशांश पुढे’ असं ते दाखवतं. सोलो २ डीएल हे त्याचं मोठं रूप ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, जोडता येतं. त्यांचं रेस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि ते शिकलात तर पुढे कुठल्याही टीममध्ये उपयोगी पडतं. कार्टिंग करणाऱ्यांना तर मी त्यांचंच मायक्रॉन घ्यायला सांगतो, कारण कार्टवर मोबाइल ठेवायला जागाच नसते आणि इंजिनचे आरपीएम व तापमान एकाच डबीत मिळतं. पण तुमच्या तीस हजारांत नवं सोलो २ बसत नाही. ते घेण्यासाठी टायरचे किंवा पुढच्या ट्रॅक डेचे पैसे कापणार असाल, तर माझा स्पष्ट नकार आहे. वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्या माणसाला तिसऱ्यांदा जायला मिळालं, तर तो कुठल्याही स्क्रीनपेक्षा जास्त शिकतो. कुणी चांगल्या स्थितीतलं जुनं सोलो २ तुमच्या बजेटमध्ये देत असेल, तर मात्र डोळे झाकून घ्या.

आता पुतण्या. त्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण घरात शिकणारं पोर अशा कामाला हात घालायला तयार आहे ही मोठी गोष्ट आहे. तुम्ही ज्या ट्रॅकवर जाता तो एस. करिवर्धन यांच्या नावाचा. त्यांनी मारुती ८०० चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती नावाची परवडणारी रेसिंग कार उभी केली आणि आपल्याकडच्या कितीतरी मुलांना त्या गाडीमुळे रेसिंगचं दार उघडलं. घरच्या हातांनी, हाताशी असलेल्या भागांतून बनवायचं, ही या खेळाची आपल्याकडची जुनी रीत आहे. पुतण्याला नाही म्हणू नका. त्याला काम बदलून द्या.

जीपीएस लॉगर बनवणं त्याला जमेल. ईएसपी-३२चा छोटा कॉम्प्युटर बोर्ड, यू-ब्लॉक्सचं जीपीएस मॉड्यूल आणि मेमरी कार्ड एवढं घेतलं की सांगाडा उभा राहतो. अडचणी त्याच्या पुढे येतात. मॉड्यूल बऱ्याचदा डब्यातून निघतं ते ९६०० बॉडच्या गतीवर, म्हणजे सेकंदाला साधारण ९६० अक्षरं. जीपीएस एका वाचनाला नेहमीच्या पद्धतीनं चारशे-पाचशे अक्षरं ओततो. सेकंदाला दहा वाचनं मागितली की त्या नळीतून पाणी जातच नाही, वाचनं गळतात आणि आलेख तुटक येतो. मग गती वाढवा, नको असलेल्या ओळी बंद करा, आणि हे सगळं वीज गेल्यावर विसरलं जाऊ नये म्हणून मॉड्यूलमध्ये जतन करा. बाजारात यू-ब्लॉक्सच्या नावानं नकली चिपही फार आहेत. हे सगळं तो शिकेल, पण त्यात तुमचे दोन ट्रॅक डे जातील.

मी हे पाहिलंय. एका कॉलेजच्या टीमची गाडी होती, लॉगर मुलांनीच बनवलेला, अगदी निगुतीनं. दिवसभर गाडी पळाली. संध्याकाळी कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं तर फाइल होती, नाव होतं, वेळ होती आणि आकार शून्य. प्रोग्रॅम फाइल उघडून लिहीत होता, पण गाडी थांबली की ड्रायव्हर मुख्य स्विच बंद करायचा आणि फाइल बंद व्हायच्या आतच वीज जायची. कार्डावर काही उतरलंच नाही. दोन ओळींची दुरुस्ती होती : दर सेकंदाला लिहिलेलं कार्डावर पक्कं करायचं, आणि स्विच गेल्यावर दोन सेकंद तग धरणारा एक कपॅसिटर लावायचा. त्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात. गाडीत बसलेला मुलगा एकच वाक्य परत परत म्हणत होता, ‘सर, गाडी आज खरंच चांगली पळाली होती.’

म्हणून पुतण्याला इंजिनची तब्येत राखायचं काम द्या. ते तुमच्या गाडीला आजच हवंय आणि रेसबॉक्स ते करत नाही. तुमचं इंजिन रस्त्यासाठी बनलेलं आहे, तेल खालच्या चेंबरमध्ये साठतं. लांब वळणात चिकट टायरवर गाडी जोरात धरली की तेल एका बाजूला चढतं, तेल ओढणारी नळी क्षणभर हवा ओढते आणि प्रेशर पडतं. अर्धा-पाऊण सेकंद, पण बेअरिंगला तेवढं पुरतं. डॅशवरचा मूळचा तेलाचा दिवा उशिरा लागतो आणि ड्रायव्हरची नजर तेव्हा वळणाच्या टोकावर असते. पुतण्यानं तीन तारांचा, अर्धा ते साडेचार व्होल्ट देणारा प्रेशर सेन्सर बसवावा, सेकंदाला वीस-तीसदा वाचावा, आणि प्रेशर ठरावीक आकड्याखाली गेलं की ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर एक मोठा लाल दिवा पेटवावा. नोंद कार्डावर जावी, दिवा मात्र तिथल्या तिथे पेटावा. त्याच डब्यात पाण्याचं आणि तेलाचं तापमान. तापमान हळू बदलतं, सेकंदाला एक-दोन वाचनं रग्गड झाली.

त्याला तीन सूचना माझ्याकडून. ईएसपी-३२च्या पिनवर ३.३ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि त्याचं स्वतःचं मोजमाप टोकांना वाकडं येतं. म्हणून एडीएस१११५सारखी मोजणारी वेगळी चिप वापर. गाडीला स्टार्टर मारला की बारा व्होल्टचे नऊ किंवा त्याहून कमी होतात आणि बोर्ड रिसेट होतो, म्हणून चांगला कन्व्हर्टर लाव आणि गाडी सुरू झाल्यावरच नोंद चालू कर. सेन्सरच्या तारा प्लगच्या वायरींपासून लांब ने, आणि जिथे त्या ओलांडाव्याच लागतील तिथे काटकोनात ओलांड. पहिल्या चाचणीत प्रेशरच्या आलेखावर गवतासारखी टोकं उगवली, तर दोष सेन्सरचा नसून तारांचा आहे, असं आधी समज.

ओबीडीबद्दल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायच्या सोयीबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी चारशे रुपयांचा निळा प्लग हातात ठेवेल म्हणून सांगतो. २००३ च्या एस्टीममध्ये आजच्यासारखं प्रमाणित ओबीडी-२ सॉकेट असेलच असं धरून चालू नका. नव्या गाडीत ते कॅन बसवर (गाडीतल्या कॉम्प्युटरना जोडणाऱ्या तारांवर) चालतं आणि आरपीएम, ॲक्सिलरेटरची स्थिती एवढी दोन वाचनं मागितली तर चांगलं चालतं. आठ-दहा गोष्टी मागितल्या की तेवढ्याच वेळेत सगळ्यांची वाटणी होते आणि प्रत्येक गोष्ट सेकंदातून एकदा-दोनदाच मिळते. तुम्हाला सध्या आरपीएमची गरज नाही. गिअर माहीत असेल तर वेगावरून आरपीएम निघतात.

रिसीव्हर बसवायची जागा नीट निवडा. त्याला आकाश दिसलं पाहिजे. पत्र्याच्या छताखाली, सीटच्या मागे ठेवला तर वाचनं भरकटतात. पुढच्या काचेखाली, मधोमध, चांगल्या पकडीच्या टेपनं घट्ट बसवा आणि वरून केबल टाय मारा. सत्राच्या आधी पाच मिनिटं चालू करून मोकळ्या आकाशाखाली उभा राहू द्या. मोबाइल मात्र डॅशवर नको. कोइमतूरच्या दुपारच्या उन्हात, वर चार्जरला लावलेला मोबाइल तापून बंद पडतो, आणि तो बंद पडतो ते नेमका तुमच्या सर्वोत्तम लॅपला. म्हणूनच वर मिनी एस सुचवला. मोबाइल खिशात किंवा सुटा ठेवून ट्रॅकवर जाऊ नका. गाडीत सुटी राहिलेली कुठलीही वस्तू टक्कर झाली की गोळीसारखी सुटते, आणि तपासणी करणारा अधिकारी ती बाहेर काढायला लावतो तेच बरोबर असतं. रोल केजला काही क्लॅम्प करणार असाल तर डोक्याच्या आसपास काहीही नको.

आता मुख्य काम. तिसऱ्या ट्रॅक डेला हे करा. एक सत्र तुम्ही, एक सत्र भाऊ, परत तुम्ही, परत भाऊ. मध्ये गाडीला हात लावायचा नाही. फक्त टायरचं प्रेशर दर वेळी मोजून वहीत लिहायचं आणि गरम असताना एकाच आकड्यावर आणायचं. प्रत्येकाचा सर्वोत्तम लॅप काढून एकावर एक ठेवा.

आलेखात डोंगर आणि दऱ्या दिसतील. डोंगर म्हणजे सरळ रस्ते, दऱ्या म्हणजे वळणं. डोंगरमाथ्याकडे बघू नका, तिथे सगळ्यांची नजर जाते आणि तिथे इंजिनची ताकद सोडून काही कळत नाही. माथ्यावरून दरीत उतरणारी कडा बघा. ब्रेक नीट लागला असेल तर कडा टोकदार तुटलेली असते. तिथे माथ्यावर गोलसर खांदा दिसला, तर समजा की ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर ब्रेकवर जाईपर्यंत गाडी नुसतीच वाहत होती. अर्धा सेकंद वाहिली तरी तुमच्या वेगाला बारा मीटर झाले. नव्या ड्रायव्हरचा हा खांदा जवळजवळ नेहमी असतो, आणि ‘मी उशिरा ब्रेक मारतो’ असं छातीठोक सांगणाऱ्याच्या आलेखातही मी तो पाहिलाय. तो माणूस खोटं बोलत नव्हता. पाय कधी उचलला गेला ते त्याला कळलंच नव्हतं.

मग दरीचा तळ. पन्नास मीटरचं वळण ताशी ६० नं घेतलं तर तीन सेकंद लागतात. ६३ नं घेतलं तर २.८६. वळणातच चौदा शतांश सेकंद गेले, आणि पुढच्या सरळ रस्त्यावर त्या ताशी तीन किलोमीटरचं व्याज मिळत राहतं ते वेगळं. एका लॅपमध्ये असं चार ठिकाणी झालं की अर्धा सेकंद आरामात निघतो.

तुमच्या वादाचा निकाल याच तळाशी आहे. डबीतला सेन्सर वळणात गाडीवर आडवा पडणारा जोर मोजतो. तीस मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ६० म्हणजे साधारण ०.९४ जी (एक जी म्हणजे गाडीच्या वजनाएवढा जोर). रस्त्यावरचे चांगले टायर तेवढं, फार तर थोडं जास्त, देतात. आता बघा : एकाच वळणात भावाला ०.९५ मिळतोय आणि तुम्हाला ०.८३, तर गाडीत पकड आहे आणि तुम्ही ती वापरत नाही. भाऊ बरोबर. दोघांनाही उजव्या वळणांत ०.९५ आणि डाव्या वळणांत ०.८ च मिळतोय, तर तुम्ही बरोबर, गाडीत काहीतरी गडबड आहे. अलाइनमेंट, कॅम्बर (चाकाचा उभा कल), एका बाजूचा स्प्रिंग किंवा वजनाची वाटणी तपासा. वळणाच्या मध्यावर दोघांनाही पुरेसा जोर मिळतोय पण शिरताना, ब्रेक अजून लागलेला असताना, तो फार कमी आहे, तर तुम्ही दोघेही ब्रेक पूर्ण सोडून मगच स्टिअरिंग वळवताय. ते शिकण्याचं काम आहे, त्यासाठी पाना लागत नाही.

माझा अंदाज विचाराल तर दोघंही थोडे थोडे बरोबर निघाल. पण अंदाज बाजूला ठेवा, आलेख समोर येऊ द्या. निकाल लागला की एका वेळी एकच गोष्ट बदला. अलाइनमेंट बदलली तर त्या दिवशी टायर बदलू नका. दोन्ही बदललं आणि लॅप सुधारला, तर कशानं सुधारला हे कोणतीही डबी सांगू शकत नाही.

ॲपवर दिसणारी वेळ आणि आयोजकांच्या ट्रान्सपाँडरची (लॅपची वेळ टिपणाऱ्या यंत्राची) वेळ यांत काही शतांशांचा फरक पडेल, कारण ॲपमधली सुरुवातीची रेषा तुम्ही नकाशावर बोटानं ओढलेली असते. स्पर्धेत आयोजकांचीच वेळ ग्राह्य. स्पर्धेला उतरणार असाल तर रिसीव्हर बसवायची परवानगी नियमपुस्तिकेत आधी बघा.

एक गोष्ट कळकळीनं. डबी हातात आली की ती लगेच वापरून बघायची इच्छा होईल, आणि कोल्हापूर-सांगलीकडे जाणारा मोकळा रस्ता घराजवळच आहे. तिथे नको. जोडणी तपासायला वर्कशॉपच्या आवारात गाडी हळू फिरवली तरी पुरतं. वेगाची तपासणी बंद मैदानावर किंवा ट्रॅकवरच करा.

पैशांची वाटणी अशी करा : रिसीव्हरला पंचवीस-सव्वीस हजारांपर्यंत, पुतण्याच्या डब्याला साडेतीन-चार हजार. प्रेशरचा दिवा आधी बसवा. तो बसल्याशिवाय तिसऱ्या ट्रॅक डेला निघू नका. परत आलात की दोघांचा एकेक सर्वोत्तम लॅप सीएसव्हीमध्ये काढून, टायर प्रेशरच्या वहीच्या पानाच्या फोटोसकट मला पाठवा. आधी डाव्या आणि उजव्या वळणांतला फरक बघू, मग बाकीचं.